एका फेजवरची कुस्ती

ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याला शब्बीरची पिठाची गिरणी आहे, आणि रोज सकाळी त्या गिरणीत एक कुस्ती व्हायची. एका बाजूला भिकूनाना, वय झालेले पैलवान. दुसऱ्या बाजूला मोटर. पंच शब्बीर, कारण मेनचा खटका त्याच्या हाताशी. आणि प्रेक्षक म्हणजे दळणाचे डबे घेऊन आलेलं निम्मं गाव.

कुस्ती कशासाठी, तर लाईटसाठी. गिरणीची मोटर तीन फेजची. गावात तिन्ही फेज यायचे ते शेतीपंपांच्या पाळीला, म्हणजे माणसं झोपल्यावर. दिवसा घरांपुरता एकच फेज, आणि दळणाला माणसं येणार दिवसाच. तिघांनी ओढायचा गाडा एकाच्या गळ्यात टाकला तर जे व्हायचं तेच मोटरचं व्हायचं. खटका चढवला की ती नुसती गुरगुरायची, थरथरायची, जागची काही हलायची नाही. तशीच ठेवली तर जळून गेली असती. पण ती गुरगुरत असताना कुणी तिच्या पुलीला दोरी गुंडाळून जोरात हिसका दिला, की मग मात्र अशी सुटायची की दुपारपर्यंत थांबायचं नाव नाही. आणि हिसका द्याल त्याच बाजूला फिरायची. सुलटा द्या, सुलटी. उलटा द्या, उलटी. एका फेजवरच्या मोटरला स्वतःचं मत नसतं, असं शब्बीर म्हणायचा, आणि म्हणताना बायकोकडे का बघायचा ते त्यालाच ठाऊक.

हिसका देणं हे भिकूनानांचं काम. एके काळी मुळशीतल्या जत्रांमध्ये त्यांचं नाव पुकारलं की समोरची जोड आखाड्यातून परत फिरायची. आता गुडघा गेला होता, कान मात्र पैलवानाचे, चुरगळलेले, तसेच होते. लाल मातीऐवजी ते सांडलेलं पीठ तळहाताला चोळायचे, दोरी मनगटाला दोन वेढे मारून घ्यायचे, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचे, आणि मग 'चढव रं शब्बीर' म्हणायचे. गुर्रर्र. हिसका. मोटर चालू. बायका डबे खाली ठेवून टाळ्या वाजवायच्या आणि नाना उगाच कपाळावरचा घाम पुसायचे, नसला तरी.

शब्बीरची मुलगी रुही या सगळ्याची रील काढायची. दहावीत गेल्यापासून रुहीला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. शाळेत वक्तृत्वाला पहिली आली होती, गिरणीत डब्यांचा नंबर तीच लावायची, आणि मोठ्या माणसांना उलट उत्तर देताना आता तिचा आवाज कापत नव्हता. 'पैलवान विरुद्ध मोटर' ही तिचीच कल्पना. नानांच्या शड्डूवर तिने ढोल-ताशा टाकला आणि त्या रील भूगावच्या बंगल्यांपर्यंत पोहोचल्या. तिथल्या हेमलता मॅडम तर ज्वारीचं पीठ न्यायच्या निमित्ताने गाडी काढून यायला लागल्या. एकदा त्यांच्या मोबाईलमध्ये नीट आलं नाही, म्हणून त्यांनी चालू मोटर बंद करायला लावली आणि म्हणाल्या, काका, किती क्यूट, परत करा ना. काकांनी परत केलं. मग मॅडमच्या केसांवर ऊन नीट पडलं नव्हतं, म्हणून पुन्हा केलं.

पावसाळ्यात नाना तापाने आडवे झाले. महिनाभर शब्बीरने कशीबशी रडतखडत गिरणी चालवली, कधी रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोवाल्याला हाक मारून. नाना उठून आले तेव्हा सदरा त्यांच्या अंगात नव्हता, ते सदऱ्यात होते. पीठ चोळलं, वेढे मारले, शड्डू ठोकला. हिसका दिला. पुली पाव वेढा फिरली आणि अडली. शब्बीरने खटका पाडला. पुन्हा. पुन्हा पाव वेढा. तिसऱ्यांदा नाना स्वतःच पुढे ओढले गेले आणि गुडघ्यावर बसले. कुणीतरी फिसकन हसलं. दोन डबेवाल्या उठून पौडच्या गिरणीकडे निघाल्या.

शब्बीर तसा वाईट माणूस नव्हता, पण गिऱ्हाईक पाठ फिरवून जाताना दिसलं की त्याची जीभ सुटायची. तो म्हणाला, नाना, आता घरी बसा, उद्यापासून दुसरं कुणीतरी बघतो. नाना पायरीवर बसले. डब्यांच्या आडून रुहीला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"शब्बीर, समदं काढून घेतलंय मला देवानं. पोरगं म्हनतंय आबा मोडीत निघाला. येवढी दोरी ऱ्हाऊ दे."

 शब्बीरने दोरी खुंटीला अडकवली आणि मतीनला फोन लावला.

मतीन म्हणजे रुहीचा चुलतभाऊ, वायरमनचा कोर्स करत होता. संध्याकाळी तो दुधाच्या पिशवीएवढा एक कंडेन्सर घेऊन आला. तो मोटरला जोडला, मधे दाबायचं बटण घातलं आणि शब्बीरला समजावून सांगितलं. हा कंडेन्सर म्हणजे खोटा फेज. बटण दाबलं की मोटरला वाटतं आणखी एक जण ओढायला आलाय, ती आपोआप सुटते, मग बटण सोडून द्यायचं. एक मात्र आहे, तो म्हणाला, दोरीसारखं दोन्हीकडे नाही चालत हे. तारा जशा जोडल्यात त्याच बाजूला फिरणार, सुलटी. कुणी काही केलं तरी सुलटीच.

शब्बीरने बटण दाबून बघितलं. मोटर सुटली. त्याचा चेहरा असा फुलला, जणू जावई पसंत पडला. म्हणाला, झालं, भिकूनानाचं काम संपलं.

आणि इथे रुहीचं डोकं चाललं.

ती म्हणाली, अब्बा, नानांना सांगायचंच कशाला? बटण भिंतीच्या कडेला, वजनकाट्याच्या खाली बसवू. नाना दोरी ओढतील, मी बटण दाबीन. नानांनाही बरं वाटेल, गर्दीही टिकेल, माझी रीलही थांबणार नाही. मतीन हसून लोळला. शब्बीरने मिशीवरून हात फिरवला, म्हणजे पटलं. आतून तिची आई जैनबबी म्हणाली की म्हाताऱ्याचा मान राखताय, पुण्याचं काम करताय. हे ऐकल्यावर तर रुहीला स्वतःचा अभिमानच वाटला. एकाच बटणात पुण्य आणि रील, दोन्ही.

दुसऱ्या सकाळी निरोप मिळताच नाना आले. वेढे नीट बसले. चढव रं शब्बीर. गुर्रर्र. हिसका. काट्याखाली रुहीचा अंगठा. मोटर सुटली. नाना हातातल्या दोरीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रुहीने ते जवळून टिपलं.

असल्या गोष्टी गावात लपत नाहीत. मतीनने एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. आठवडा संपायच्या आत गावात एकच माणूस असा उरला होता ज्याला बटण माहीत नव्हतं, आणि तो रोज सकाळी शड्डू ठोकत होता.

मग खरी मजा सुरू झाली. आधी लोक कुस्ती बघायला यायचे, आता नाना बघायला येऊ लागले. कुणी म्हणायचं, पैलवान, दंड बघू. नाना बाही वर करायचे आणि मागे बायका पदर तोंडात कोंबायच्या. कुणी विचारायचं, काय खाता हो? नाना मनापासून सांगायचे की सकाळी भिजवलेले बदाम सुरू केलेत, दोन जोर मारतो, अंगात परत रग आलीय. जितकं ते मनापासून सांगायचे तितकं जास्त हसू यायचं. रुहीचाही हात सैल झाला होता. ती बटण आधी दाबायची, नाना मागून ओढायचे. मोटर सुटलेली असायची आणि दोरी त्यांच्या हातात मऊ लोण्यासारखी यायची.

"हलकी लागती आता," ते सगळ्यांना सांगायचे. "मोटर वळखती मला."

एका सकाळी कुणीतरी ओरडलं, नाना, आता एका बोटानं. कोण ओरडलं ते कळलं नाही, रुहीला वाटलं मतीनच असावा. नानांनी दोरीला फास केला, करंगळी अडकवली आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. लोक श्वास रोखून उभे होते, हसू फुटू नये म्हणून. करंगळी हलली. मोटर सुटली. त्या दिवशी गिरणीत जो हशा पिकला, तो नानांना जयजयकार वाटला. त्यांनी दोन्ही हात वर करून चारी दिशांना सलामी दिली. ती रील रुहीच्या सगळ्या रीलच्या पुढे गेली. खाली कमेंटमध्ये जगभरातले लोक लोळून हसणारे चेहरे टाकत होते. नानांना वाचता यायचं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हनत्यात? रुही म्हणाली, लई कौतुक करत्यात.

ते कौतुक नांदे गावालाही पोहोचलं. नानांचा मुलगा विश्राम तिकडे एका सोसायटीत वॉचमन होता. बापाला मोडीत काढून तो गेला त्याला बराच काळ झाला होता, सणालाही फिरकत नसे. त्याने फोन केला की आबा, रविवारी येतो, कामावरचे लोक विचारतात हा करंगळीवाला तुझा बाप का म्हणून, मला बघायचंय. नानांनी तो फोन साऱ्या आळीला ऐकवला. शनिवारी न्हाव्याकडे गेले. जुना पटका काढून धुतला.

रविवारी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. विश्राम दाराशी उभा होता, हाताची घडी घालून, वॉचमनच्या सवयीने सगळ्यांना न्याहाळत. रुही काट्यापाशी जाऊन बसली. मतीनने मोबाईल धरला होता, कारण आज रुहीला दोन्ही हात मोकळे हवे होते. कशाला हवे होते कुणास ठाऊक, बटणाला एकच अंगठा लागतो.

नानांनी पीठ चोळलं. दोरी उचलली. आणि उजव्या हाताऐवजी डाव्या मनगटाला वेढे मारले.

"करंगळी जुनी झाली," ते विश्रामकडे बघून म्हणाले. "आज डाव्या हातानं. आनि उलटी फिरवनार. नंतर बंद करून सुलटी लावू, जात्याचा दगड खराब न्हाय व्हनार. पन एकदा बघ तू. मी म्हनंल तिकडं फिरती ती."

त्यांनी दोरी पुलीवर उलट्या अंगाने गुंडाळली.

रुहीच्या लक्षात आलं. तिला सगळं कळत होतं, तिला कळत नाही असं आता काही राहिलंच नव्हतं. कंडेन्सर फक्त सुलटी फिरवतो. बटण दाबलं तर मोटर नानांच्या विरुद्ध जाईल. नाही दाबलं तर जागची हलणार नाही आणि नाना मुलासमोर पडतील. तिने मतीनकडे बघितलं. मतीनने डोळा मारला आणि मोबाईल थोडा पुढे धरला. अब्बांकडे बघितलं, अब्बांचा हात खटक्यावर गेला होता. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. 'थांबा' म्हटलं असतं, 'अब्बा, जळका वास येतोय' म्हटलं असतं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी गप्प बसली. न दाबायचं असं तिने ठरवलं. पडू देत. एकदाच पडतील, लोक हसतील, उद्या परत सुलटं करू.

चढव रं शब्बीर.

गुर्रर्र.

नानांनी हिसका दिला. रुहीने कित्येक दिवसांत त्यांना असं ओढताना पाहिलं नव्हतं. सगळं अंग त्या डाव्या हाताच्या मागे गेलं, गेलेल्या गुडघ्यासकट, महिनाभराच्या बदामांसकट. आणि पुली हलली. उलटी. पाव वेढा, अर्धा वेढा, अर्ध्याच्याही पुढे. गुरगुर बदलली, जड झाली, गिरणीतला बल्ब मंदावला. हसायला उघडलेली तोंडं उघडीच राहिली. नानांनी ती खरंच ओढली होती, बटणाशिवाय, एकट्याने. आणखी एक क्षण गेला असता तर मोटर त्यांची झाली असती.

पण ती शांतता रुहीला सोसवेना. रोज या जागी मोटर सुटते, टाळ्या पडतात. तिचा अंगठा खाली गेला.

मोटर जागच्या जागी अडखळली, वळली आणि सुलटी सुटली. दोरी उलटी गुंडाळली जाऊ लागली, तिच्यासोबत मनगट, मनगटासोबत नाना. ते पोटावर पडले आणि फरशीवरून पीठ ओढत पुलीपर्यंत गेले. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. शब्बीरने खटका पाडला, पण त्याच्या आधी, रुहीने नीट ऐकलं, लोक हसले होते. त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग आहे.

नाना ओरडले नाहीत. दोघांनी मिळून दोरी सोडवली. डावा हात मनगटापासून भलतीकडे वळला होता. त्यांना पायरीवर बसवलं, जैनबबी पाणी घेऊन धावली. नानांनी पाणी घेतलं नाही. ते पुलीकडे बघत होते.

"मी कुनीकडं वढली?" त्यांनी विचारलं.

 मग त्यांनी शब्बीरला विचारलं, नाव घेऊन. शब्बीर म्हणाला, नाना, आधी दवाखान्यात चला.

"उलटी वढली. फिरली सुलटी. कशी?"

इतकी वर्षं त्या दोरीशी कुस्ती केलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची नजर मोटरवरून तारेवर गेली, तारेवरून भिंतीवर, भिंतीवरून काट्यावर, आणि काट्याखालच्या हातावर येऊन थांबली. रुहीने हात मागे घेतला. उशीर झाला होता.

नाना म्हणाले, खटका चढव. शब्बीर हलला नाही. विश्रामच पुढे आला आणि त्याने खटका चढवला. मोटर गुरगुरू लागली. तिच्याजवळ कुणी नव्हतं, दोरी फरशीवर पडली होती.

"आता तू कर, रुहीबाय. रोजच्यावानी."

रुहीला वाटलं नाही म्हणावं. पण गुरगुर वाढत होती, मोटर जळायला लागली असती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिने बटण दाबलं. मोटर सुटली. छान, सुलटी, कुणाचा हात न लागता. नाना ती फिरताना बराच वेळ बघत राहिले. रुहीला ते रडतील असं वाटलं होतं, ते रडले नाहीत. त्यांनी धुतलेला पटका डोक्यावरून काढला आणि मोडलेला हात त्यात बांधून घेतला.

विश्राम सगळ्यांदेखत म्हणाला, "मला वाटलंच हुतं." आणि बापाला टेम्पोत बसवून, पौडच्या दवाखान्यात सोडून, तसाच परत नांद्याला निघून गेला.

मतीनने ती रील टाकली. रुहीने त्याला टाकू नको असं सांगितलं नाही. करंगळीच्या रीलपेक्षा ती जास्त चालली. हेमलता मॅडमनी आधी हसणारा चेहरा टाकला, मग तो काढून हात जोडलेले टाकले, आणि ज्वारीचं पीठ दुसरीकडून न्यायला लागल्या.

गिरणीत आता कुस्ती नव्हती. सकाळी रुही बटण दाबायची, मोटर सुटायची, पीठ पडायचं. दोरी शब्बीरने शेळीच्या गळ्यात बांधली. नाना प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन समोरच्या पारावर बसायचे, गिरणीकडे तोंड करून. कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्याशीही कुणी फारसं बोलायचं नाही, कारण काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघितलं की अजून हसू यायचं.

दिवाळीच्या तोंडावर भाजणीची दळणं आली. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. रुहीने बटण दाबलं. फट्ट असा आवाज झाला, काट्याखालून धूर निघाला, आणि जळक्या तेलाचा वास गिरणीभर पसरला. कंडेन्सर फुटला होता. मोटर नुसती गुरगुरत राहिली. शब्बीरने खटका पाडला आणि मतीनला फोन लावला. मतीन पुण्याला होता, उद्या येतो म्हणाला. बायका कुरकुरायला लागल्या, कुणी पौडचं नाव काढलं.

रुही म्हणाली, मी ओढते. तिने शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली, पुलीवर सुलटी गुंडाळली, अगदी नाना गुंडाळायचे तशी, आणि दोन्ही हातांनी धरली. अब्बांनी खटका चढवला. तिने सगळा जोर लावला. पुली जेमतेम हलली. पुन्हा. दोरी तिच्या तळहातांतून सरकली, सालटं निघालं. रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी मोबाईल वर धरला. तिने वळून शब्बीरकडे बघितलं, पण शब्बीर रांगेकडे बघत होता. दोन डबेवाल्या उठल्या होत्या.

मग पारावरून आवाज आला. नानांनी उजव्या, शाबूत हाताने मांडीवर थाप मारली होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. किती दिवसांनी ते बोलत होते, आणि आवाज अगदी मऊ होता, शिष्याला डाव सांगावा तसा.

"करंगळीनं वढ की, रुहीबाय."

रांग हसली. तेच ते, जुनं, ओळखीचं हसू. रुहीच्या हातात दोरी होती, समोर मोबाईल होता, आणि मोटर गुरगुरत होती.